दशांशचिन्हानंतरचा मारिओ

मारिओ उजवीकडे पळतो असं आपण म्हणतो. पडद्यावर नीट बघाल तर तो बहुतेक वेळ मधोमध जागच्या जागी पाय हलवत असतो आणि मागचं जग डावीकडे सरकत असतं. हिरवे पाइप, विटा, ढग, झुडपं, सगळं. १९८५ साली आलेल्या मारिओच्या या खेळातलं हे सरकणं सुरळीत चालू असेल तर त्याची दखलही कुणी घेत नाही. आता तोच खेळ कॉम्प्युटरवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकून चालवा, त्यातलं व्हीसिंक नावाचं बटण बंद करा आणि खेळणं सोडून नुसतं पाइपाकडे बघा. पाइपाचा एक भाग पुढे गेलेला, दुसरा अजून मागेच रेंगाळलेला आणि दोघांच्या मध्ये एक आडवी चीर. मॉनिटर वरून खाली चित्र रंगवत असताना एम्युलेटरने मध्येच नवं चित्र हातात कोंबलं की असं होतं. वरचा तुकडा जुन्या चित्राचा, खालचा नव्याचा. गेमिंगवाले याला टेअरिंग म्हणतात.

ही चीर एका जागी थांबतही नाही. एम्युलेटरचा टायमर नेटका असेल तर ती पडद्याच्या तळाशी उगवते, हळूहळू वर चढते आणि दहाएक सेकंदांनी माथ्यावरून निघून जाते. की पुन्हा तळाशी हजर. एकदा ती दिसली की संपलं. मग मारिओ जगतो की खड्ड्यात पडतो याच्याशी आपल्याला देणंघेणं उरत नाही. आपण चिरेची वाट बघत बसतो.

आमच्या घरी या विषयावर चर्चा झाली ती अशी.

"बघ, गेली ना चीर आता?"

"कुठली चीर?"

"अगं, मघाशी होती ती. आडवी. पाइपातून जायची."

बायकोने पाइप पाहिला, मला पाहिलं. "मघाशीही तू हेच खेळत होतास, आताही हेच खेळतोयस. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर."

शिट्ट्या मोजणाऱ्या माणसाला साठ मोजणं अवघड जाऊ नये. पण इथला साठ हा साधा साठ नाही, आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे.

हे दुखणं खरं तर अर्ध्या रेघेचं. अमेरिकेत घरगुती वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथल्या टीव्हीचं चित्रही सेकंदाला साठ वेळा रंगवायचं ठरलं. १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं प्रमाण ठरवताना रंगाचा संकेत आणि आवाजाचा संकेत एकमेकांच्या पायात येऊ लागले, म्हणून साठाला १.००१ ने भागून ५९.९४ केलं गेलं. जपानने हीच पद्धत उचलली. यात दर खेपेला २६२.५ रेघा काढतात. ती अर्धी रेघ मुद्दाम ठेवलेली. तिच्यामुळे पुढच्या खेपेच्या रेघा आधीच्या रेघांमधल्या फटींत जाऊन बसतात. मारिओ बनवणाऱ्या निन्टेंडोला ही भानगड नको होती. मारिओ ज्यावर चालायचा त्या, १९८३ साली आलेल्या त्यांच्या फॅमिकॉम यंत्रात रेघा सरळ २६२ धरल्या, एका रेघेत ठिपके ३४१ धरले, आणि भागाकार करून जे आलं ते आलं. सेकंदाला ६०.०९८८ चित्रं.

त्या वेळी यामुळे कुणाचं काही अडलं नाही, कारण तेव्हाचा टीव्ही फार समजूतदार होता. यंत्राकडून दर रेघेला एक आणि दर चित्राला एक अशी टिचकी जायची: आता पुढची रेघ, आता पुन्हा वर. टीव्ही निमूटपणे ऐकायचा. ५९.९४ म्हटलं तर तसं, साठाच्या थोडं पुढे म्हटलं तर तसं. त्याला स्वतःचं मत नव्हतं. आजच्या सपाट मॉनिटरला मत आहे. तो साठ म्हणजे साठ. फार तर ५९.९४ किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी. कुणी काही आणून दिलं न दिलं, त्याच्या ठरल्या ठोक्याला तो पडदा रंगवणार. मग दर सेकंदाला ०.०९८८ एवढं चित्र शिल्लक राहतं आणि दहा सेकंदांत एक अख्खं चित्र जास्तीचं होतं. त्या जास्तीच्या चित्राचं करायचं काय, या प्रश्नावर जगभरच्या हुशार लोकांनी आपल्या आयुष्यातली उमेदीची वर्षं घालवली आहेत. मला हे लोक अतिशय आवडतात.

ते जास्तीचं चित्र फेकून देता येतं. व्हीसिंक चालू केलं की नवं चित्र आणि मॉनिटरची नवी फेरी यांची गाठ घातली जाते आणि चीर जाते. पण मग दर दहा सेकंदांनी पाइप एक बारीकशी उडी मारतो. ही उडी चिरेहून वाईट, असं माझं मत आहे. चीर निदान सतत समोर असते. उडी मात्र आपण तिला विसरलो की येते.

फॅमिकॉमच्या काळात असं काही का होत नव्हतं, हे बघायला मी जरा खोलात गेलो आणि तिथेच रमलो. त्या यंत्रात पूर्ण चित्र असं कुठेच नसायचं. २५६ गुणिले २४० म्हणजे ६१,४४० ठिपके. आणि चित्रासाठी यंत्रात असलेली मेमरी २ किलोबाइट. एवढ्यात चित्र मावणार कसं? म्हणून चित्राचा चिप आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरश्यांचा नुसता नकाशा जवळ ठेवायचा आणि टीव्हीतला इलेक्ट्रॉनचा झोत जसजसा पुढे सरके तसतसा पुढचा ठिपका त्याच क्षणी तयार करून द्यायचा. अख्खा मारिओ, अख्खा पाइप, अख्खं आकाश एकत्र असं फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यातच जुळायचं. झोत तळाला पोचला की परत माथ्यावर जाईपर्यंत २० रेघांएवढा, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिसेकंदाचा अवकाश मिळे. त्या सव्वा मिलिसेकंदात प्रोसेसरने धावत जायचं, नकाशा बदलायचा, मारिओची जागा बदलायची आणि झोत वर पोचायच्या आत बाहेर पडायचं. उशीर झाला तर पडद्यावर कचरा. व्हीसिंक हे बटण तेव्हा नव्हतं. ती जगण्याची अटच होती.

त्यातही एक गंमत आहे. या खेळात वरची पट्टी, गुण, नाणी, वेळ, ही हलत नाही; खालचं जग मात्र सरकतं. त्या चिपला तर एकच सरकपट्टी. मग वरचा भाग स्थिर आणि खालचा हलता हे जमवलं कसं? पट्टीत नाण्यांच्या आकड्याशेजारी जे छोटं नाणं दिसतं, त्याच्या खालच्या कडेवर एक स्प्राइट, म्हणजे स्वतंत्रपणे हलवता येणारं छोटं चित्र, बेमालूम बसवलेला आहे. झोत बरोबर त्या ठिकाणी आला, स्प्राइटचा ठिपका आणि मागच्या चित्राचा ठिपका एकमेकांवर पडले, की चिप एक निशाण वर करतो. प्रोसेसर तोवर दुसरं काही न करता त्या निशाणाकडे डोळे लावून बसलेला असतो. निशाण दिसलं, की पट्टी संपायची वाट बघून तो सरकण्याचा आकडा बदलतो. म्हणजे चित्र मध्येच, ठरवलेल्या रेघेवर, मुद्दाम तोडलेलं आहे! मी जी चीर घालवायला रात्री जागवतो, तिचीच सख्खी बहीण कारागिराने ठरलेल्या जागी बसवली होती, आणि ती इतकी बेमालूम की लहानपणी कुणालाही दिसली नाही. हे कळल्यावर मी आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतो. ऑफिसात एकाने मान डोलावली. बाकीचे जेवायला दुसऱ्या टेबलावर बसू लागले.

तर मुद्दा असा की जुन्या यंत्रात घड्याळ एकच होतं. त्याच एका स्फटिकाच्या ठोक्यावर प्रोसेसर चाले, चित्र निघे, आवाजही निघे, आणि टीव्ही मागून चालत येई. एम्युलेटरच्या वाट्याला आजच्या कॉम्प्युटरमधली निरनिराळी घड्याळं येतात. मॉनिटरचं वेगळं, साउंड कार्डचं वेगळं, आणि खुद्द खेळाचं काल्पनिक वेगळं. प्रत्येक आपापल्या जागी बरोबर. गाण्याच्या बैठकीत गवई एका घड्याळाकडे आणि तबलजी दुसऱ्या घड्याळाकडे बघून साथ करू लागला तर जे होईल ते इथे होतं. कुणीतरी एकाने दुसऱ्याकडे कान द्यायला हवा.

अनेक जुने एम्युलेटर आवाजाच्या मागे जायचे. साउंड कार्डाने नमुने संपवले की खेळ पुढे ढकलायचा. आवाज स्वच्छ, वेग अस्सल, पण चित्राची ती दर दहा सेकंदांची उडी कायम. उलट चित्राच्या मागे जावं तर खेळ साठाने चालतो, सरकणं काचेसारखं नितळ होतं आणि आवाज उपाशी मरतो. हिशोब सोपा आहे. साउंड कार्ड सेकंदाला ४८,००० नमुने खातं. खेळाच्या एका चित्रामागे नमुने तयार होतात ७९८.७, साठ चित्रांचे झाले ४७,९२१ च्या आसपास. दर सेकंदाला ७९ नमुन्यांची तूट. ६४ मिलिसेकंदांचा साठा भरून ठेवला असला तरी पाऊण मिनिट जायच्या आत तो रिकामा होतो आणि स्पीकरमधून 'कट्' असा आवाज येतो. चित्र फाटण्यापेक्षा आवाज फाटणं जास्त वाईट. कानाला डोळ्याइतकी सबुरी नसते.

२०१२ मध्ये हान्स-क्रिस्टियान आर्न्त्सेन या प्रोग्रामरने यावर एक छोटासा लेख लिहिला. तीच युक्ती रेट्रोआर्क या एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे आणि आज बऱ्याच एम्युलेटरांना ती ठाऊक आहे. चित्राने मॉनिटरशी पक्की गाठ मारायची आणि आवाजाने जरा वाकायचं. साठा निम्म्याच्या खाली गेला की आवाज किंचित ताणायचा, वर गेला की किंचित आवळायचा. किती? कमाल अर्धा टक्का. आपल्या मारिओला तर तेवढाही लागत नाही. त्याचं काम ०.१६ टक्क्यांत भागतं.

एवढ्याने गाणं बेसूर होत नाही का, अशी शंका येईल. मलाही आली, म्हणून गणित केलं. अर्धस्वराचे शंभर भाग पाडले तर हा फरक त्यातल्या तीन भागांनाही पोचत नाही. आपल्या बावीस श्रुतींतली सर्वांत लहान, प्रमाणश्रुती, असल्या एकवीस भागांहून जास्त आहे. म्हणजे मारिओचं गाणं उतरतं ते एका श्रुतीच्या सातव्या हिश्शाहून कमी, आणि तासभर खेळलं तर मूळ यंत्राच्या मागे सहा सेकंद पडतं. मारिओ जिला सोडवायला निघालाय त्या राजकन्येचं सहा सेकंदांनी काही बिघडत नाही. त्याला तसंही शेवटच्या किल्ल्यापर्यंत 'दुसऱ्या किल्ल्यात शोधा' असंच उत्तर मिळत राहतं.

तबलजीने गवयाला सांभाळून घ्यावं आणि श्रोत्यांना पत्ता लागू नये, तसा हा प्रकार आहे. पण सांभाळून घेण्यालाही मर्यादा असते. 'मॉर्टल कॉम्बॅट' हा १९९२ चा आर्केड खेळ सेकंदाला ५४.७ चित्रं काढतो. त्याला साठावर बसवायचं तर आवाज सुमारे दहा टक्के चढवावा लागेल. पांढरी एकची पट्टी पांढरी दोनच्या दिशेने निघेल आणि ते भयंकर आवाजात गुरगुरणारे योद्धे किरट्या आवाजात भांडायला लागतील. नाहीतर दर सेकंदाला पाच चित्रं दोनदोनदा दाखवायची, म्हणजे सगळी मारामारी अडखळत.

ही तक्रार मी भाच्याकडे केली. तो कॉलेजात आहे आणि त्याच्याकडे १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे.

"मामा, तू अजून साठवर आहेस?"

"मग तुझ्या १४४ ला साठने भागून दाखव."

त्याने भागलं. २.४ आलं. म्हणजे काही चित्रं दोनदा दिसणार, काही तीनदा, आणि पाइप लंगडत जाणार. १२० असता तर नीट दोनदोनदा दाखवता आलं असतं. मी जिंकल्याच्या आनंदात होतो तेवढ्यात त्याने सेटिंगमध्ये जाऊन एक खूण केली आणि 'मॉर्टल कॉम्बॅट' लावला. पाण्यासारखा चालला. त्याच्या मॉनिटरला व्हीआरआर होतं.

ही सोय एन्व्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक नावाने जाहीर केली, मागोमाग एएमडीचं फ्रीसिंक आलं. यात मॉनिटर स्वतःचा ठोका सोडून देतो आणि चित्र येईल तेव्हा रंगवतो. ६०.०९८८ म्हणा, ५४.७ म्हणा, वंडरस्वान या जपानी हातयंत्राचे ७५.४७ म्हणा. त्या मॉनिटरच्या टप्प्यात बसलं की झालं. टेअरिंग नाही, उडी नाही, आवाज वाकवणं नाही. मी भाच्याला सांगितलं की यात नवं काही नाही, आमच्या घरचा जुना टीव्ही हेच करायचा. तो म्हणाला, "मामा, तुझं प्रत्येक गोष्टीत तेच असतं." या बाबतीत मात्र ते खरं आहे. यंत्राने सांगायचं आणि पडद्याने ऐकायचं ही जुनी रीत मोडली, मधली बरीच वर्षं पडदा सांगत राहिला आणि यंत्र ऐकत राहिलं, आणि मग त्याच जुन्या रीतीला नवं नाव देऊन जास्त किमतीला विकायला काढलं.

आता उशिराबद्दल दोन शब्द, कारण व्हीसिंकचा तो दुसरा रोग. चित्र रांगेत थांबतं. एकामागे दोन चित्रं उभी राहिली की बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत तीसेक मिलिसेकंद गेलेच. मारिओत चालून जातं. 'माइक टायसन्स पंच-आउट'मध्ये टायसनचा ठोसा चुकवताना नाही चालत. सपाट टीव्हीवर त्याला हरवणं कित्येकांना अशक्य वाटतं ते याचमुळे. रेट्रोआर्कमध्ये २०१८ पासून यावरही इलाज आहे. एम्युलेटर खेळ एकदोन चित्रं पुढे चालवून बघतो, ती पुढची चित्रं तुम्हाला दाखवतो आणि स्वतः गुपचूप मागे परत येतो. मूळ यंत्रालाही जमली नसती अशी चपळाई. याला अस्सल म्हणावं की लबाडी, यावर लोक अजून वाद घालतात. मी टायसनकडून मार खाऊन झालेला माणूस आहे. मी लबाडीच्या बाजूने.

अस्सलपणाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत जो 'टीव्ही गेम' होता, तो बहुतेक वेळा फॅमिकॉमची तैवान-चीनकडून आलेली नक्कल असे. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत तेच पंधरावीस खेळ. आपली वीज ५० हर्ट्झची आणि टीव्ही पाल पद्धतीचा, त्यामुळे पाल टीव्हीसाठी केलेली ही यंत्रं सेकंदाला पन्नासच चित्रं काढत. खेळ मात्र जपानी हिशोबाने लिहिलेले, दर चित्राला एक पाऊल. म्हणजे तिकडे ज्या वेळात साठ पावलं पडत, त्या वेळात आपल्याकडे पन्नास. दादर-डोंबिवलीपासून सांगली-सोलापूरपर्यंत आपण सगळे ज्या मारिओबरोबर मोठे झालो तो मूळ मारिओपेक्षा सहाव्या हिश्शाने हळू होता. त्याचं गाणंही तितकंच संथ. 'काँट्रा'तल्या गोळ्याही आपल्याला बेताने यायच्या. आणि एकाही पोराने कधी तक्रार केली नाही. पुढे एम्युलेटरवर अस्सल वेगाचा मारिओ पाहिला तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना वाटलं की हाच काहीतरी बिघडलाय, घाईत आहे.

सतरा टक्क्यांची तूट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली, आणि दहा सेकंदांतून एकदा, सेकंदाच्या साठाव्या भागापुरती पडणारी खोट आज झोप उडवते. यावरून माझा निकाल झालेला आहे. डोळा हळूपणा खपवून घेतो, सवयीने तो त्याला खरा वेग मानतो; पण चाल मध्येच मोडलेली त्याला खपत नाही. म्हणून वेग आणि सरकणं यांत एकच निवडायचं असेल तर मी सरकणं निवडतो, आणि ०.१६ टक्क्यांचं पाप आनंदाने डोक्यावर घेतो. काही शुद्धतावादी मित्र यावर नाराज आहेत. त्यांनी माझ्या घरी येऊन पाइपाकडे बघावं. चहा मी करतो.

वाचकांपैकी कुणाला हे करून बघायचं असेल तर व्हीआरआरचा मॉनिटर असल्यास एम्युलेटरला खेळाच्या मूळ वेगाने चालू द्या. साधा मॉनिटर असेल तर व्हीसिंक चालू ठेवा आणि आवाजाला वाकायची मुभा द्या. टीव्हीवर खेळत असाल तर आधी त्याचा गेम मोड लावा. आणि तुमच्या माळ्यावर किंवा गावच्या घरी एखादा पाठीला कुबड असलेला जुना टीव्ही पडून असेल, तर मेहेरबानी करून तो भंगारवाल्याला घालू नका. तो त्याचे दोनचारशे रुपये देईल, पण तसा टीव्ही आता कुणी बनवत नाही. फक्त उतरवताना दोघांनी धरा, जड असतो. आणि मागचं झाकण उघडू नका, बंद केल्यावरही त्यात बराच वेळ विजेचा दाब राहतो.